घोडं लंगडत नाही, तरी पाय दुखतोय: खुरातलं लपलेलं दुखणं कसं शोधायचं

माझी घोडी चिमणी तीन महिने 'अंगचोर' होती. म्हणजे तबेल्यातल्या सगळ्यांनी, त्यात मीही आले, तिला तसं ठरवून टाकलं होतं. उतार आला की कां-कू, ट्रॉटला (दुडक्या चालीला) टाच मारावी तर जेमतेम चार पावलं, खडीचा रस्ता लागला की हळूच कडेच्या गवतावर सरकणं. लंगडत मात्र अजिबात नव्हती. कुणी म्हणालं खांदा धरलाय, कुणी म्हणालं खोगीर टोचतंय, एकानं तर चंदी वाढवायचा सल्ला दिला. कारण सापडलं ते दोन्ही पुढच्या खुरांच्या टाचांत. दोन्ही पाय सारखेच दुखत असल्यामुळे बिचारीला लंगडायची सोयच नव्हती. कोणत्या पायावर भार टाकून कोणता वाचवणार?

हा लेख अशा दुखण्यासाठी आहे: डोळ्यांत न भरणारं, लोक 'स्वभाव' म्हणून सोडून देतात ते. स्वतःचं घोडं नुकतंच घेतलेल्यांनी किंवा क्लबातलं एकच घोडं रोज चालवणाऱ्यांनी घरच्या घरी काय बघायचं, कोणत्या क्रमानं बघायचं आणि कुठे थांबायचं, ते सांगते. औषधोपचार डॉक्टरांचे. आपलं काम शोधाचं.

त्याआधी तीन प्रसंग सांगते, ज्यात यातलं काहीही करत न बसता थेट डॉक्टरांना फोन लावायचा. घोडं एखाद्या पायावर भारच टाकत नसेल. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे करून, मागे रेलून उभं असेल आणि हलायला तयार नसेल. किंवा तळव्यात खिळा रुतलेला असेल. खिळा दिसला की उपटायला हात शिवशिवतात, पण थांबा. तो कुठे आणि किती खोल गेलाय हे एक्स-रेमध्ये कळतं. मधल्या भागात खोल गेला असेल तर आतल्या सांध्यापर्यंत घाण पोचलेली असू शकते, आणि उपटल्यावर भोक मिटून गेलं की वाट सापडत नाही. खिळा आणखी आत जाऊ नये म्हणून त्याच्या बाजूंनी लाकडाचे तुकडे बांधा आणि घोडं हलवू नका. काढण्यावाचून इलाजच नसेल तर आधी फोटो घ्या, काढल्यावर किती लांबीचा भाग आत होता त्याची खूण करून खिळा जपून ठेवा. आणि धनुर्वाताची लस कधी दिली होती ते सांगा. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

पहिली पायरी: वही

कंटाळवाणं वाटेल, पण माझा निम्मा शोध वहीतच लागला असता, जर वही असती तर. लिहायचं एवढंच: कुरबूर केव्हापासून, शेवटची नालबंदी कोणत्या तारखेला, त्यानंतर किती दिवसांनी फरक पडला, चंदीत काय बदललं, जमीन कुठली (मुरूम, डांबर, रेती, चिखल), आणि कोणतं औषध दिलं.

नालबंदीची तारीख सर्वांत महत्त्वाची. नाल मारल्यावर लगेच किंवा दोन-चार दिवसांत चाल बिघडली तर पहिला संशय खिळ्यावर. खिळा जिवंत भागात घुसला तर घोडं तिथल्या तिथे पाय ओढतं. नुसता जवळून गेला असेल तर दाब हळूहळू वाढतो आणि दुखणं दोन-तीन दिवसांनी वर येतं. उलट पाच-सहा आठवडे उलटून गेल्यावर कुरबूर सुरू झाली असेल तर खूर वाढून नाल पुढे सरकली असण्याची शक्यता. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतं, म्हणूनच नालबंदी ४ ते ६ आठवड्यांनी करायची असते. 'अजून नाल झिजली नाही' हे लांबणीवर टाकायचं कारण नव्हे. नाल झिजत नसली तरी खूर वाढायचं थांबत नाही.

औषधाबद्दल एक. तपासणीच्या आधी वेदनाशामक देऊ नका. घोडं छान चालायला लागतं, डॉक्टर येतात आणि त्यांना बघायला काही उरत नाही. वर दुखऱ्या पायावर घोडं नको तितका जोर टाकतं. घरातल्या गोळ्या-इंजेक्शनांचा प्रयोग तर नकोच. डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला भारतात २००६ पासून बंदी आहे, ती गिधाडांच्या मरणामुळे, तरी कुणीतरी 'एक सुई मारून टाका' म्हणतंच.

दुसरी पायरी: लांबून बघणं

पहाटे, चंदी घालण्यापूर्वी, घोड्याला कळू न देता पंधरा मिनिटं बघत उभं राहा. अगाडी-पिछाडी बांधलेली असेल तर आदल्या रात्री पिछाडी सोडून ठेवा. दोरांत जखडलेल्या घोड्याची उभं राहायची खरी ढब दिसतच नाही.

मागचा एखादा पाय ढिला सोडून उभं राहणं हा घोड्याचा आराम आहे, त्याची काळजी नको. पुढचा पाय मात्र घोडं सहसा असं विसावत नाही. एक पुढचा पाय वीतभर पुढे ठेवून टाच उचलल्यासारखा धरला असेल, तर तो पाय बोलतोय. थोड्या वेळानं तोच प्रकार दुसऱ्या पायाचा झाला तर दोन्ही बोलतायत. चिमणी नेमकं हेच करायची, आणि मी तिचे फोटो काढून 'कशी नखऱ्यानं उभी राहते बघा' म्हणून मैत्रिणींना पाठवले होते. ते फोटो अजून माझ्याकडे आहेत.

एका पायावरून दुसऱ्या पायावर सतत भार बदलणं, आपल्या पायाखाली शेणानं किंवा मातीनं टाचेला उंचवटा करून त्यावर उभं राहणं, नेहमीपेक्षा जास्त वेळ आडवं होणं, नालबंदीच्या वेळी एक पाय द्यायचा पण दुसरा द्यायची खळखळ करायची, हे सगळं वहीत.

तिसरी पायरी: चालवून बघणं

इथे घाई करू नका, लेखातला सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे.

मदतनीस हवा. त्यानं मोरकीची दोरी ढिली धरून घोडं सरळ रेषेत न्यायचं आणि आणायचं, आधी चालीनं, मग ट्रॉटनं, पंधरा-वीस मीटर पुरे. दोरी आखडून धरली तर डोकं हलणार नाही आणि खूणच मरेल. जमीन कडक आणि सपाट हवी. ट्रॉटच का? कारण त्यात पाय तिरक्या जोडीनं, दोन ठेक्यांत पडतात. चाल सारखी असते, म्हणून बिघडलेला ठेका कानालाही कळतो. डोळे मिटून एकदा नुसत्या टापा ऐका. टप-टप, टप-टप असं हवं. टप-टाप ऐकू आलं तर कुठेतरी पाणी मुरतंय.

पुढच्या पायाची खूण डोक्यात असते. दुखरा पाय टेकताना घोडं डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतं. नवशिके इथे हमखास उलटं समजतात, कारण डोकं खाली जाताना दिसतं आणि आपण त्याच पायावर आळ घेतो. मागच्या पायाची खूण ढुंगणाच्या हाडात: दुखऱ्या बाजूचं हाड जास्त वर-खाली होतं.

आता मूळ अडचण. दोन्ही पुढचे पाय दुखत असले की डोकं हलत नाही. मग बघायचं पावलाचं माप. पाऊल आखूड पडतं, खांदा लाकडासारखा वाटतो (म्हणून तर सगळे 'खांदा धरलाय' म्हणतात), आणि घोडं जणू अंड्यांवरून चालतं. अशा घोड्याला कडक जमिनीवर मोठ्या गोलात फिरवा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. गोलाच्या आतल्या बाजूच्या पायावर ताण वाढतो आणि सरळ रेषेत लपलेलं लंगडणं बाहेर येतं: डावीकडे फिरवलं की डावा, उजवीकडे फिरवलं की उजवा. चिमणीचं गुपित याच गोलात फुटलं. त्यानंतर मऊ रेतीवर तेच करा. रेतीवर चाल सुधारली तर संशय खुराकडे जातो, बिघडली तर स्नायू आणि कंडरांकडे (कंडरा म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी). हा नियम पक्का नाही, पण दिशा दाखवतो.

फोन जमिनीलगत धरून बाजूनं स्लो मोशन व्हिडिओ घ्या. खुराचा कोणता भाग आधी टेकतो? टाच आधी किंवा पूर्ण खूर सपाट टेकलं तर ठीक. पुढचं टोक आधी टेकत असेल तर घोडं टाच वाचवतंय. फार ओढून-ताणून टाचेवर आपटत असेल तर टोकाकडे दुखतंय, आणि तेव्हा तळव्याच्या सुजेचा विचार मनात यायला हवा. नुसत्या डोळ्यांना हा फरक पहिली काही वर्षं दिसत नाही, मला अजूनही व्हिडिओ लागतो.

डोळा तयार करायला माथेरानइतकी चांगली शाळा नाही. दस्तुरी नाक्यावर अर्धा तास बसा. तिथे मोटारी पुढे जात नाहीत, त्यामुळे घोडी एकामागून एक समोरून जातात, चढाला आणि उताराला, लाल मातीवरून आणि पेव्हर ब्लॉकवरून. तेच घोडं मातीवर सैल आणि ब्लॉकवर आखडून कसं चालतं ते दिसेल. दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात घोडं घ्यायला जाणार असाल तर हाच नियम खिशात ठेवा. मऊ मातीत नाचणाऱ्या घोड्यावर भाळू नका, मालकाला म्हणा, "दादा, जरा डांबरी रस्त्यावर चालवून दाखवा की." नाही म्हणाला तर तेही एक उत्तर आहे.

चौथी पायरी: हात लावणं

सकाळी, काम नसताना, चारही खुरांवर पालथा हात ठेवा. एकटं खूर गरम लागलं म्हणून घाबरू नका. उन्हातल्या बाजूचं खूर तापतंच. तीन थंड आणि एक सतत गरम, तासाभरानंही गरम, तर नोंद करा.

मग नाडी. खुराच्या वरचा जो गोल सांधा असतो, फेटलॉक, त्याच्या मागच्या बाजूला आतून आणि बाहेरून बोटं हलकेच सरकवा. कातडीखाली दोरीसारखं काहीतरी घरंगळेल. तिथेच बोट ठेवून थांबा. निरोगी घोड्यात नाडी इतकी हलकी लागते की पहिल्या दिवशी सापडत नाही, आणि न सापडणं ही चांगली बातमी. बोटाला टक-टक ठोके देणारी नाडी म्हणजे खुरात दाह आहे. घोडं धडधाकट असताना रोज नाडी शोधायची सवय करा, म्हणजे बिघडल्या दिवशी तुलना करता येते. एकाच पायात जोरदार असेल तर गळू, खिळा किंवा मुका मार. दोन्ही पुढच्या पायांत जोरदार असेल तर तळव्याची सूज, लॅमिनायटिस, आणि मग पुढच्या पायऱ्या सोडून डॉक्टर.

लॅमिनायटिसवर दोन शब्द जास्त, कारण 'घोडं कुठे पेंड खातंय' हा प्रश्न इथे शब्दशः विचारायचा असतो. खुराच्या आत हाडाला कवचाशी धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात आणि सुटू लागतात. फार झालं तर हाड खाली सरकतं. एकदम जास्त धान्य, लाडानं दिलेला गूळ, वाढलेली चरबी, व्यायल्यावर अडकलेली वार, एका जखमी पायामुळे दुसऱ्यावर महिनाभर पडलेला भार, कारणं बरीच आहेत. सौम्य प्रकार महिनोन्महिने लपून राहतो: घोडं मानेवर जाड, खुरावर आडव्या वळ्या, आणि त्या वळ्यांमधलं अंतर टोकाकडे कमी, टाचेकडे जास्त. डॉक्टर येईपर्यंत धान्य बंद, खाली जाड रेती किंवा भुसा, खुरांना बर्फाचं पाणी. फिरवून 'मोकळं करायचं' मुळीच नाही. जुन्या मंडळींचा हा सल्ला इथे घात करतो.

पाचवी पायरी: खूर उचलणं

घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून खांद्याशी उभं राहा, हात पायावरून खाली न्या, पाय उचलला की खूर साफ करायच्या आकडीनं टाचेकडून टोकाकडे घाण काढा. गुडघ्यांवर बसू नका, पळायला जागा ठेवा.

साफ झाल्यावर मधोमध उलट्या पाचराचा रबरासारखा भाग दिसतो. तो फ्रॉग. त्याच्या दोन्ही बाजूंना खाचा, सभोवती तळवा, आणि तळवा जिथे कवचाला मिळतो तिथे फिकट रेषा. या चारच गोष्टी बघायच्या.

फ्रॉगजवळ काळा, नाकाला झोंबणारा चिकट स्राव असेल तर खूर सडतंय. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने हे घरोघरी असतं, आणि म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. वरवरचं सडणं फारसं दुखत नाही. दुखतं ते टाचांच्या मधल्या खाचेतलं. निरोगी खुरात तिथे उथळ खळगा असतो, अंगठा सहज ठेवता येईल असा. टाचा आवळून आलेल्या घोड्यात त्याची चीर होते, थेट वरच्या केसांच्या दिशेनं जाणारी. चिमणीच्या चिरेत कापसाची काडी बोटभर आत गेली आणि तिनं पाय हिसडून मला बाजूला फेकलं. तीन महिन्यांत एकदाही मी तिथे बघितलं नव्हतं. रोज खूर साफ करत होते, पण खाचेतली माती खरवडायची म्हणून, आत डोकवायचं म्हणून नव्हे.

तळव्यावर लालसर डाग (पांढऱ्या खुरात स्पष्ट दिसतात) म्हणजे मुका मार. असाच डाग टाचेच्या कोपऱ्यात, कवच आत वळतं तिथे असेल तर बहुधा नाल लहान पडलीय किंवा जास्त दिवस राहिलीय. फिकट रेषेत काळा ठिपका दिसला तर तिथून खडा किंवा घाण आत गेलेली असू शकते, गळवाची सुरुवात अशीच होते. ठिपका कोरत बसू नका. कवचावर बोटाच्या पेरानं टिचकी मारत फिरा, कुठे पोकळ वाजलं तर खडूनं खूण करा. बाजूनं बघताना टोक फार लांब आणि टाचा बसलेल्या दिसल्या तर तेही लिहा; अशा खुरात मागच्या कंडरेवर आणि तिच्याखालच्या नौकेच्या आकाराच्या छोट्या हाडावर ताण येतो, आणि मधल्या वयाच्या घोड्यांत दोन्ही पायांचं रेंगाळणारं दुखणं पुष्कळदा तिथलंच असतं.

सहावी पायरी: नालबंद

शिवकाळात पागेत २५ घोड्यांमागे एक पखालजी (पखालीनं पाणी भरणारा) आणि एक नालबंद असे. आज कैक तबेल्यांना नालबंद महिन्यातून एकदा, दुसऱ्या जिल्ह्यातून येतो, आणि दिवसभरात पाठ मोडेपर्यंत खुरं करून जातो. त्याला घाईत गाठून 'जरा बघा ना' म्हणू नका. वही, व्हिडिओ आणि खडूच्या खुणा दाखवा. आमच्याकडचे चाचा माझा व्हिडिओ दोनदा बघून एवढंच म्हणाले, "ताई, नाल सोडा, आधी टाच बघू."

नालबंदाकडे खूर दाबायचा मोठा चिमटा असतो. एका टाचेपासून सुरू करून दर दोन बोटांवर दाबत दुसऱ्या टाचेपर्यंत यायचं, मग फ्रॉगवर, मग दोन्ही टाचा आडव्या. घोड्यानं पाय ओढला तर तीच जागा पुन्हा, मग दुसऱ्या पायाची तीच जागा. तिन्ही वेळा सारखं उत्तर आलं तर ते खरं. जाड तळव्याचं घोडं दाबूनही काही सांगत नाही, आणि भित्रं घोडं सगळीकडेच पाय ओढतं. चिमटा नवशिक्यानं हाती घेऊ नये, जोराचा अंदाज नसेल तर निरोगी खूरही दुखतं. नाल काढताना खिळे एकेक करून काढायला सांगा. एखादा खिळा ओला, काळा किंवा वासाचा निघाला तर चोर सापडला.

आणि एका वेळी एकच बदल. नाल बदलली, खोगीर बदललं, चंदी बदलली आणि औषधही लावलं, घोडं सुधारलं. कशानं? पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

सातवी पायरी: डॉक्टर

डॉक्टर बहुधा खालून वर बधिर करत येतील: आधी टाचेकडच्या नसा, फरक नाही पडला तर थोडं वर. ज्या टप्प्यावर घोडं सुधारतं, दुखणं त्याच्या खाली. दोन्ही पाय दुखणाऱ्या घोड्यात हे बघण्यासारखं असतं. एक पाय बधिर केला की आजवर न लंगडणारं घोडं अचानक दुसऱ्या पायानं लंगडायला लागतं, आणि बघणाऱ्यांना वाटतं डॉक्टरांनी बिघडवलं. प्रत्यक्षात तो पाय पहिल्यापासून दुखतच होता. बधिर पायावर सवारी करू नका. एक्स-रे त्यानंतर, नाल काढून आणि खूर घासून. जागा ठरवल्याशिवाय चारही पायांचे एक्स-रे काढणं म्हणजे पैसे जाळणं. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी जागा जवळ असेल तर उत्तम, नसेल तर सोबत नेण्याजोगं मशीन घेऊन तबेल्यात येणारे डॉक्टरही आता मिळतात.

चिमणीला शस्त्रक्रिया लागली नाही. चीर रोज धुऊन, कोरडी करून, डॉक्टरांनी दिलेल्या पातळ औषधात भिजवलेली गॉझपट्टी आत बसवायची, नाल काढलेली, बांधायची जागा कोरडी, लघवी साचणार नाही अशी, आणि चार-चार आठवड्यांनी टोक मागे घेणं. औषध कडक असलं की लवकर गुण येतो असं वाटतं, पण उघड्या जिवंत भागावर कडक मोरचूद घातला तर घोडं पाय द्यायचंच बंद करतं, मग काय कराल?

खुराचं टोक पूर्ण नवं यायला ९ ते १२ महिने लागतात. मी कवचावर वरच्या केसांच्या कडेखाली रेषा मारली आणि दर पंधरा दिवसांनी त्याच डांबरी तुकड्यावर, त्याच कोनातून व्हिडिओ घेतला. चौथ्या महिन्यात पाऊल टाचेवर पडायला लागलं. खडीवर ती अजून आखडते, म्हणून गडाच्या वाटेवर नेत नाही. रेषा अर्ध्यावर आलीय.